खंड लिहा, गाव लिहा

लोकप्रतिनिधीस पत्र : लेखांक ४

२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात माणसे कोयते-कुऱ्हाडी घेऊन चढली, ती मोळीभर लाकडासाठी नव्हे. सरपण, गवत, चराई यांवर बंधने घालणारा वन कायदा उघडपणे मोडायचा, असे ठरवूनच ती गेली होती. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मा झाले. चिरनेरचे नाग्या महादू कातकरी आणि धाकू फोफेरकर त्यांत होते. बाकीचे कोप्रोली, दिघोडे, खोपटे, पाणदिवे आणि दोन्ही जुई अशा भोवतालच्या गावांतले. तेव्हा हा मुलूख कुलाबा जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात होता. आज तो रायगडच्या उरण तालुक्यात आहे.

पत्रलेखनाच्या लेखमालेत गोळीबार कशाला, असे वाचकांना वाटेल. पण १९२७ चा तो भारतीय वन कायदा ज्या केंद्रीय कायदेमंडळात झाला, तिथे चिरनेरच्या कातकऱ्याचे कोणी नव्हते. मताचा हक्क मालमत्तेला आणि साऱ्याला बांधलेला होता. ज्याच्या नावावर सारा नाही त्याला मत नाही, आणि ज्याला मत नाही त्याने पत्र लिहायचे कोणाला? आज चिरनेरच्या मतदाराला विधानसभेत उरणचा आमदार आहे आणि लोकसभेत मावळचा खासदार आहे. त्या खासदाराचा मतदारसंघ घाट ओलांडून थेट पिंपरी-चिंचवडपर्यंत पसरलेला असल्यामुळे चिरनेरचे म्हणणे त्याच्या कानावर आपणहून पडेल, असे धरून चालता येत नाही. ते लिहून पोचवावे लागते.

मागच्या लेखांकात विधेयक कुठे मिळते ते पाहिले. या वेळी पत्राच्या पोटात काय असावे, ते पाहू. त्यासाठी रानाच्याच कायद्याचे बोट धरतो, कारण गेल्या वीस वर्षांत या एकाच विषयावर लोकांच्या पत्रांचे, निवेदनांचे वेगवेगळे परिणाम झालेले दिसतात.

डिसेंबर २००५ मध्ये वनहक्कांचे विधेयक लोकसभेत आले. मूळ मसुद्यात हक्क फक्त अनुसूचित जमातींना होते. त्यासाठी वनजमिनीचा ताबा २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीचा हवा होता आणि मर्यादा अडीच हेक्टरांची होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले. किशोर चंद्र देव तिचे अध्यक्ष होते. देशभरातल्या संघटनांनी, गावांनी समितीपुढे म्हणणे मांडले. डिसेंबर २००६ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा तारीख १३ डिसेंबर २००५ झाली होती, मर्यादा चार हेक्टरांची झाली होती आणि कायद्याच्या नावातच ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हे शब्द आले होते. हा नुसता शब्दांचा फरक नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद ज्याच्या घरात टिकला नाही, त्या माणसासाठी हक्क असणे आणि नसणे यांतला हा फरक आहे.

अशा वेळी एखाद्या गावाने आपल्या खासदाराला काय लिहिले असते तर उपयोग झाला असता? आपण दोन पत्रे कल्पून पाहू. पहिले असे: “आदिवासींवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला आहे. हे विधेयक अन्यायकारक आहे. कृपया लक्ष घालावे.” यातले प्रत्येक वाक्य खरे आहे, तरी वाचणाऱ्याने त्याचे पुढे काय करायचे, हे त्यात नाही.

दुसरे असे: “मा. खासदार महोदय, स. न. वि. वि. वनहक्क विधेयकात ताब्यासाठी ‘२५ ऑक्टोबर १९८०’ ही तारीख धरली आहे. आमच्या वाडीत बावीस घरे आहेत. एकोणीस घरे १९८० पूर्वीपासून नाचणी-वरी करतात, पण वन खात्याच्या दंडाची जुनी पावती फक्त चार घरांकडे उरली आहे. ही तारीख राहिली तर पंधरा घरे आपल्याच शेतावर अतिक्रमणदार ठरतील. ‘२५ ऑक्टोबर १९८०’ या मजकुराऐवजी विधेयक मांडल्याची तारीख घालावी, अशी दुरुस्ती आपण सुचवावी ही विनंती. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत सोबत जोडली आहे.”

हे पत्र एका पानात मावते. त्यात वाडी आहे, घरांचा हिशेब आहे आणि बदलायचा नेमका शब्द आहे. सभागृहातला सदस्य विधेयकाला दुरुस्ती सुचवतो ती अशाच भाषेत: अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर घालावा. तुमचे पत्र त्या साच्यात असेल तर त्याचे अर्धे काम तुम्ही करून दिलेले असते. समितीही विधेयक खंडाखंडाने वाचते. ज्या सूचनेवर खंडाचा क्रमांक आहे ती त्या खंडापाशी जाऊन बसते; क्रमांक नसलेली सूचना ‘सर्वसाधारण’ गठ्ठ्यात पडण्याची भीती असते. इथे एक बारकावा ध्यानात ठेवा. विधेयक असते तोवर त्याच्या भागाला ‘खंड’ म्हणतात; कायदा झाला की तेच ‘कलम’ होते. पत्रात ‘खंड ३’ असे लिहिलेत तर वाचणाऱ्याला लगेच कळते की या माणसाने मसुदा हातात घेऊन वाचला आहे.

आता चिरनेरपुरते आणखी एक सांगतो, कारण त्यावर मी बराच काळ विचार करत आलो आहे. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरण्यासाठी तीन पिढ्यांचे वास्तव्य लागते आणि कायद्याने तीन पिढ्या म्हणजे पंचाहत्तर वर्षे धरली आहेत. १३ डिसेंबर २००५ पासून पंचाहत्तर वर्षे मागे गेलो की आपण १३ डिसेंबर १९३० ला पोचतो. अक्कादेवीच्या रानातल्या गोळीबाराला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. म्हणजे या परिसरातल्या बिगर-आदिवासी कुटुंबाला रानावरचा हक्क सांगायचा तर त्याच हिवाळ्यापासूनचे वास्तव्य सिद्ध करावे लागेल. तारीख कोणत्या गावावर कशी येऊन आदळते, हे दिल्लीत बसून दिसत नाही. गावातल्या माणसाला मात्र ते ताबडतोब दिसते, आणि पत्रात लिहायचे ते हेच.

२०१९ सालची गोष्ट वेगळी होती. मार्च महिन्यात केंद्राने १९२७ च्याच वन कायद्यात मोठ्या बदलांचा मसुदा राज्यांकडे पाठवला. वन अधिकाऱ्यांना शस्त्र वापरण्याची मुभा आणि त्याबद्दलच्या कारवाईपासून संरक्षण देणाऱ्या तरतुदी त्यात होत्या. चिरनेरच्या हुतात्मा स्मारकासमोर उभे राहून हे वाचणाऱ्याच्या मनात काय आले असेल, ते सांगायला नको. आदिवासी संघटनांनी कडाडून हरकती घेतल्या, काही राज्यांनीही विरोध केला. १५ नोव्हेंबर २०१९ रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी मसुदा मागे घेतल्याचे जाहीर केले. मसुदा विधेयक म्हणून सभागृहात मांडला जाण्याआधीच्या हरकतीला किती वजन असते, ते इथे दिसले. केंद्राचे २०१४ चे धोरणही मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा असे सांगते. ते तीस दिवस दवडू नयेत.

आणि २०२३ मध्ये नेमके उलटे घडले. वन संवर्धन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, हजाराहून अधिक निवेदने आली, आणि समितीने एकही बदल न सुचवता ते परत पाठवले. दोन आठवड्यांत दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. मग ती निवेदने वाया गेली का? मला तसे वाटत नाही. समितीच्या काही सदस्यांनी अहवालाला भिन्नमत पत्रिका जोडल्या आणि त्या आज कायमच्या नोंदीत आहेत. म्हणून पत्राची प्रत आपल्याच खासदाराला धाडून थांबू नका, समितीतल्या विरोधी बाकांवरच्या सदस्यांनाही धाडा.

राज्याच्या विधिमंडळाकडे वळायचे तर ताजे उदाहरण विशेष जनसुरक्षा विधेयकाचे आहे. ते २०२४ मध्ये मांडले गेले, मग चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले आणि समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. हे विधेयक मागेच घ्या, ही अनेकांची मुख्य मागणी होती. ती मान्य झाली नाही; १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने विधेयक मंजूर केले. पण मसुदा जसाच्या तसा राहिला नाही. ‘व्यक्ती आणि संघटना’ असा मोघम उल्लेख होता, तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटना असा मजकूर आला. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. सल्लागार मंडळाची रचनाही बदलली. एवढ्याने समाधान मानावे की नाही, यावर मतभेद आहेत आणि राहतील.

पत्र लिहिणाऱ्याने मात्र यातून एक गोष्ट उचलावी. विधेयकाला पूर्ण विरोध असेल तर तो पहिल्याच वाक्यात, स्पष्ट शब्दांत लिहा. त्यानंतर नवा परिच्छेद करा आणि ‘तरीही हे विधेयक मंजूर होणार असेल तर’ अशी सुरुवात करून निदान एक ठोस दुरुस्ती मागा. असे लिहिल्याने विरोध पातळ होतो, असे काही कार्यकर्ते मला सांगतात. मला ते पटत नाही. ज्या गावावर कायदा लागू होणार आहे, त्याला उद्या त्या कायद्याखालीच जगायचे असते.

शेवटी पोहोचेबद्दल. समितीला लिहायचे तर विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई ४०० ०३२ या पत्त्यावर, मुदतीच्या आत, स्पीड पोस्टाने पाठवा. आमदाराच्या कार्यालयात स्वतः गेलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तीन आठवड्यांनी त्या क्रमांकाचा उल्लेख करून चार ओळींचे स्मरणपत्र द्या. पत्रात मतांची धमकी घालू नका आणि पक्षाचे नावही नको. सही करणाऱ्यांची संख्या वाढवण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या घरचा एक खरा तपशील लिहिलेला बरा. बारा हजारांच्या गठ्ठ्यात एकाच मजकुराच्या शंभर प्रती एकच पत्र होऊन बसतात.

वनहक्क कायदा झाल्यावर १ जानेवारी २००८ रोजी त्याचे नियम आले आणि पुरावा म्हणून काय चालेल, ते त्या नियमांत ठरले. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब त्यात आला, न्यायालयीन कागदपत्रेही आली. कायदा मंजूर झाला म्हणून पत्रे थांबवणाऱ्या गावाच्या हातून हा टप्पा निसटतो. नियमांच्या मसुद्यावर हरकती कशा नोंदवायच्या, ते पुढच्या आठवड्यात.