पाहुण्याच्या खिशावर चालणारं रान

अमेरिकेतल्या शिकार-परवान्यांच्या लॉटरीतल्या पसंती-गुणांचं गणित या आठवड्यात मांडायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळेवर ढकलतो आहे, कारण गेल्या लेखावर आलेल्या एका पत्रातल्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. पत्रलेखकाचं म्हणणं असं : वायोमिंगची जवळपास निम्मी जमीन संघराज्य सरकारची, म्हणजे सगळ्याच अमेरिकनांची. मग त्या जमिनीवर चरणाऱ्या एल्क या सांबरासारख्या प्राण्याच्या शिकारीसाठी वायोमिंगच्या रहिवाशाला 57 डॉलर आणि बाहेरच्या राज्यातून आलेल्याला 692 डॉलर, हा कुठला न्याय? त्यातही ‘स्पेशल’ ड्रॉमध्ये, म्हणजे जास्त शुल्काच्या वेगळ्या सोडतीत, नाव घालायचं असेल तर 2024 पासून परक्याला 1,268 नव्हे, 1,950 डॉलर मोजावे लागतात. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचं गृहीतक अमेरिकन कायद्याला मान्य नाही. तिथे जमीन ज्याची असेल, रानातला प्राणी त्याचा होत नाही. शेत तुमचं असलं तरी त्यात शिरलेलं हरीण तुमच्या मालकीचं नसतं. त्याचा सांभाळ राज्याने आपल्या रहिवाशांच्या वतीने करायचा, अशी तिथली परंपरा आहे. संघराज्याच्या जमिनीवरही, राष्ट्रीय उद्यानांसारखे अपवाद सोडले, तर शिकारीचा मोसम आणि परवाने राज्यच ठरवतं.

या परंपरेची कसोटी लागली ती मोंटानात. 1976 च्या मोसमात तिथल्या रहिवाशाला नुसत्या एल्कचा परवाना 9 डॉलरला मिळत होता. परक्याला एल्क हवा असेल तर हरीण, काळं अस्वल, पक्षी आणि मासेमारी असं सगळं मिळून 225 डॉलरचं गाठोडंच उचलावं लागे. तेवढ्याच सवलती रहिवाशाने एकत्र घेतल्या असत्या तरी त्याला 30 डॉलर पडले असते. एक मोंटानी आउटफिटर (शिकारीच्या सहली चालवणारा व्यावसायिक) आणि मिनेसोटाचे काही शिकारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1978 मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी हरले. न्या. ब्लॅकमन यांच्या निकालाचं सार असं की, एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात समान वागणूक मिळण्याची घटनेतली हमी मूलभूत गोष्टींपुरती आहे, आणि हौसेची शिकार त्यात बसत नाही. पोटापाण्याचा धंदा मात्र बसतो. दक्षिण कॅरोलायनाने कोळंबीच्या बोटींना रहिवाशांसाठी 25 आणि परक्यांसाठी 2,500 डॉलर शुल्क लावलं होतं, ते याच न्यायालयाने 1948 मध्ये रद्द ठरवलं होतं. ही रेघ मला योग्य वाटते. परक्या शिकाऱ्यांसाठीच्या अॅरिझोनाच्या कोट्यावरून 2002 मध्ये एका अपील न्यायालयाने ती पुसट केली, तेव्हा नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांनी 2005 मध्ये काँग्रेसकडून कायदाच करवून घेतला, की रहिवासी आणि परका असा भेद करण्याचा राज्यांचा अधिकार अबाधित आहे. तेव्हा न्यायालयाचा दरवाजा जवळजवळ बंद आहे, असंच धरून चालावं.

पण कायदेशीर असलेलं सगळं शहाणपणाचं असतंच असं नाही, आणि माझा आक्षेप तिथे आहे. रहिवाशांची बाजू मांडणारे पहिला मुद्दा काढतात तो कराचा : आम्ही इथे वर्षभर कर भरतो, तुम्ही दोन आठवड्यांसाठी येता. शाळा आणि रस्त्यांच्या बाबतीत हे खरं आहे. पश्चिमेकडच्या वन्यजीव खात्यांची गोष्ट निराळी. त्यांचा कारभार प्रामुख्याने परवान्यांच्या पैशावर आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली येणाऱ्या निधीवर चालतो. हा निधी बंदुका आणि काडतुसांवरच्या अबकारी करातून जमतो (लांब बंदुकांवर आणि दारूगोळ्यावर 11 टक्के, पिस्तुलांवर 10) आणि त्याचा मोठा भाग राज्यांना निम्मा क्षेत्रफळावर, निम्मा परवानाधारकांच्या संख्येवर वाटला जातो. म्हणजे मिझुरीत कुणी रायफल घेतली, तरी तिच्या करातला वाटा क्षेत्रफळाच्या जोरावर मोंटानाला पोचतो. त्यावर परक्यांच्या परवान्यांची भर. वायोमिंग आणि मोंटानात परवान्यांतून येणाऱ्या रकमेचा मोठा हिस्सा परक्यांचाच असतो. कराचा मुद्दा त्यामुळे उलटा पडतो : खात्याचा गाडा ओढण्यात पाहुण्याचा खांदा यजमानापेक्षा जास्त लागलेला आहे.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. एल्क मोजके, मागणी अमाप, मग किंमत वाढणारच, असं म्हणतात. पण इथे मागणीला लगाम किमतीने नव्हे, संख्येने घातलेला असतो. मोंटानाने परक्यांच्या एकत्रित परवान्यांवर 17,000 ची मर्यादा सत्तरच्या दशकातच घातली. वायोमिंग मर्यादित कोट्याच्या एल्क परवान्यांपैकी 16 टक्के परक्यांना देतं. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या 85-15 च्या वाटणीशी मिळतंजुळतं हे प्रमाण आहे. जागा आधीच मोजून दिल्यावर शुल्क वाढवल्याने एकही एल्क जास्त वाचत नाही. येणारे तेवढेच राहतात, फक्त माणसं बदलतात : कारखान्यातला फोरमन गळतो आणि दंतवैद्य टिकतो. (वायोमिंगच्या वाइल्डरनेस क्षेत्रांत मोठ्या जनावरांच्या शिकारीला परक्याने गाइड सोबत घ्यायलाच हवा, हा खर्च वेगळाच. त्या नियमावर कधीतरी स्वतंत्र लेख लिहायचा आहे. मला तो सरळसरळ गाइडांच्या धंद्याची राखण वाटतो.)

शुल्क कितीही वाढवलं तरी परवाने खपतातच, हा समजही तपासून पाहावा. नोव्हेंबर 2010 मध्ये मोंटानाच्या मतदारांनी आय-161 हा प्रस्ताव मंजूर केला. त्याने आउटफिटरांच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेले परवाने रद्द झाले. हे चांगलंच झालं. पण त्याच प्रस्तावाने परक्यांचा एकत्रित परवाना 628 वरून 897 डॉलरवर नेला, आणि 2011 मध्ये, एरवी ज्यांच्यासाठी झुंबड उडायची ते परवाने शिल्लक राहिले. मंदी होती, लांडग्यांमुळे एल्क कमी झाल्याची हाकाटीही होती. सगळा दोष शुल्काला देता येणार नाही. पुढे मागणी परतली, हेही खरं. पण ज्या खात्याचा पगार पाहुण्याच्या चेकवर अवलंबून आहे, त्याला असं एक वाईट वर्षही जड जातं, आणि ते वर्ष कधी येणार हे मिनेसोटातल्या किंवा मिशिगनमधल्या रोजगाराच्या स्थितीवर ठरतं, मोंटानातल्या एल्कवर नाही.

मग राज्यं असं का करतात? कारण परक्याला तिथे मत नाही. रहिवाशाच्या परवान्यावर पाच डॉलर वाढवायचे म्हटले तर विधिमंडळात गदारोळ होतो. परक्यावर दोनशे वाढवले तर टाळ्या पडतात. आयडाहोने 2017 मध्ये शुल्कवाढ करताना, दरवर्षी परवाना घेत राहणाऱ्या रहिवाशाला जुनाच दर कायम ठेवला. कल्पना हुशारीची होती, कारण त्यामुळे परवानाधारक टिकतात आणि संघराज्याच्या निधीतला वाटाही टिकतो. पण रहिवाशाचा दर असा गोठला की पुढची वाढ एकाच दिशेला जाते : 2021 पासून परक्याचा एल्क टॅग 416.75 वरून 651.75 डॉलर झाला. रहिवाशाने कमी द्यावं याला माझी हरकत नाही, सातपट फरकही मी मान्य करीन. पण महागाई दोघांनाही सारखीच लागू आहे. मोंटानाच्या 2010 च्या प्रस्तावात परक्यांचं शुल्क महागाईशी बांधायची तरतूद होती. तशीच तरतूद रहिवाशांच्या शुल्काला लावावी आणि दोन्ही दर एकाच टक्केवारीने वर जावेत, एवढीच माझी सूचना आहे. स्थानिक मतदाराला स्वतःच्या खिशाला थोडी झळ बसली, की खात्याच्या खर्चाचा हिशेबही तो जास्त बारकाईने मागेल.

पसंती-गुणांचं गणित पुढच्या आठवड्यात नक्की. त्याआधी वायोमिंगच्या ड्रॉमध्ये परक्यांच्या परवान्यांचे 60 आणि 40 टक्के असे जे दोन भाग पडतात, ते लक्षात ठेवा. 1,950 डॉलरचा ‘स्पेशल’ परवाना त्यातल्या 40 टक्क्यांत येतो.