वारीची तयारी गुढीपाडव्यापासून

होळी उलटून चार दिवस झाले होते. एकाहत्तर वर्षांच्या एक आजी माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या आणि रक्तदाबाचा पट्टा बांधण्याआधीच म्हणाल्या, "डॉक्टर, यंदा माउलींबरोबर आळंदीपासून चालायचं म्हणते. जाऊ का?" त्यांच्यामागे उभा असलेला मुलगा मला मान हलवून खुणावत होता, की नाही म्हणा. आजींना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे, डावा गुडघा कुरकुरतो, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत.

वाचकहो, हा प्रश्न अंबरनाथ पूर्वेतील माझ्या दवाखान्यात दरवर्षी येतो; मात्र बहुधा तो पालखी निघायला आठवडा उरला असताना येतो आणि तेव्हा कोणत्याही डॉक्टरच्या हाती फारसे काही नसते. आजी वेळेवर आल्या होत्या. तरीही मी लगेच उत्तर दिले नाही, याला एक जुने कारण आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी अशाच एका निवृत्त कामगार गृहस्थांना मी एका शब्दात 'नाही' म्हणून सांगितले होते. ते मला न सांगता गेले. पायात नवेकोरे बूट, औषधांची पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये. पुणे ते सासवड या लांबच्या टप्प्यात टाचेला व बोटांना फोड आले. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावली होती, म्हणून ते कळलेच नाहीत. फलटणला मोज्यावर पू दिसला, तेव्हा ते घरी परतले. पुढे दोन बोटे काढावी लागली. माझ्या नकाराने त्यांचे चालणे थांबले नाही, फक्त त्यांनी मला विचारणे थांबवले. पाय तपासून देण्याची संधी मी स्वतःच गमावली होती.

वारी म्हणजे केवढे चालणे आहे, हे आधी नीट समजून घेऊ. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते; तुकाराम महाराजांची त्याआधी एक दिवस देहूहून. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, तर माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी दिली. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे आणि त्यास अडीच-तीन आठवडे लागतात. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी अशी मुक्कामाची गावे येतात. रोजचे अंतर सारखे नसते. पुण्याहून सासवडला जाताना अंतरही मोठे आणि वर दिवे घाटाची चढण. ज्याचे हृदय कुरकुरणार, त्याचे बहुधा येथेच कुरकुरते.

म्हणून पहिली परीक्षा हृदयाची. दोन मजले न थांबता चढताना छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, वा बोलता न येण्याइतकी धाप लागत असेल, तर चालण्याचा सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जावे. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात होऊन गेला असेल, पायावर न भरलेली जखम असेल, तर यंदा पायी जाऊ नये. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला त्या गर्दीत एकटे पाठवणे तर मला कधीच पटलेले नाही.

गुढीपाडवा ते ज्येष्ठ वद्य अष्टमी, साधारण ऐंशी दिवस मिळतात. अधिक मास मध्ये आला तर आणखी. आजींना मी सांगितले, की पाडव्याच्या पहाटे घरून निघून शिवमंदिरापर्यंत जा आणि परत या. वालधुनीकाठचे ते शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चे देऊळ आपल्या गावात आहे, तर पायांना ध्येय शोधायला लांब कशाला जायचे? पहिल्या आठवड्यात रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. दर आठवड्याला थोडी थोडी भर घालावी, आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्यावी आणि शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस लांब चालून पाहावे. कारण पहिल्या दिवशी सगळेच चालतात, खरा कस दुसऱ्या सकाळी लागतो. चालताना बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता आले नाही तरी चालेल. गुडघ्यांसाठी स्थानकाच्या पुलाच्या पायऱ्या कठड्याला धरून चढाव्यात. उतरताना गुडघ्यावर अधिक भार येतो, तेव्हा काठीची लाज बाळगू नये. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे मात्र निम्म्या लोकांना ठाऊक नसते.

पादत्राणे याच सरावात मळली पाहिजेत. मधुमेही व्यक्तीने अनवाणी चालू नये, डांबर तापलेले असो वा रस्ता चिखलाचा असो. श्रद्धेचा प्रश्न आहे हे मी जाणतो, पण ज्या पायाला चटका कळत नाही, त्याच्याविषयी मला तडजोड करता येत नाही. रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या आरशात किंवा सोबत्याकडून पाहून घ्याव्यात, पाय कोरडे करावेत, कोरडे मोजे घालावेत. फोड फोडू नये.

आता औषधे. दिंडीचे सामान ट्रकने पुढच्या मुक्कामी जाते आणि आपण दिवसभर रस्त्यावर असतो, म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या कमरेच्या पिशवीत असाव्यात. ग्लिमेपिराईडसारखी गोळी वा इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर सलग चालण्याने उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे, अशी चिन्हे दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग काही खावे. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या व डापाग्लिफ्लोझिन यांच्याविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. मनाने बंद करू नये. एकादशीच्या उपासालाही हेच लागू. आणि एक कळकळीची सूचना: वाटेत कोणी प्रेमाने दिलेली 'अंगदुखीची गोळी' घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके वृद्धांच्या मूत्रपिंडाला इजा करतात.

पाण्याबद्दल भगिनींशी थोडे स्पष्ट बोलतो. आडोसा मिळणार नाही या भीतीने कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग जळजळ, ताप, चक्कर घेऊन वैद्यकीय पथकापुढे उभ्या राहतात. मुक्काम सोडण्यापूर्वी आणि विसाव्याच्या जागी शौचालयाची सोय पाहून ठेवावी, पण पाणी तोडू नये. लघवी गर्द पिवळी झाली, की समजावे आपण मागे पडलो. जुलाब वा फार घाम झाल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ.

घरच्यांना माझी विनंती आहे, की 'या वयात कशाला' हे वाक्य गिळून टाका. आई-वडिलांच्या खिशात नाव, आजार, औषधे व दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा. रोज रात्री ठरावीक वेळी बोला. मार्गावर आरोग्य खात्याची पथके असतात, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. हे त्यांनाही सांगून ठेवा.

आजींच्या मुलाला मी थांबवून घेतले. संपूर्ण वारी यंदा नको, पण वाखरी ते पंढरपूर हा सपाटीवरचा शेवटचा छोटा टप्पा, तोही सराव नीट झाला तर, असे आमचे तिघांचे ठरले. आजी थोड्या हिरमुसल्या. "आणि पुढल्या वर्षी?" त्यांनी विचारले. मी म्हटले, पुढल्या वर्षी होळीला या. मुलगा त्यांच्याबरोबर पहाटे चालतो आहे. परवा दोघे पाय तपासून घ्यायला आले, तेव्हा त्याच्याच टाचेला फोड आला होता.