कचऱ्याला हद्द नसते : मुरुड शहर आणि आपली गावं



पावसाळ्यात समुद्र खवळला की काय होतं, ते आपण सगळ्या जाणतो. सकाळी किनाऱ्यावर जावं तर बाटल्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोल, तुटकी जाळी यांचा नुसता पट्टा पडलेला. त्यातली कुठली बाटली मुरुड शहरातली, कुठली काशीदच्या पर्यटकाची आणि कुठली आपल्याच ओढ्यातून वाहत गेलेली, हे सांगता येतं का? नाही. पण कचरा उचलायची जबाबदारी मात्र हद्दीप्रमाणे वाटलेली आहे. शहरात नगरपरिषद, गावात ग्रामपंचायत. शहरात घंटागाडी फिरते. लहान ग्रामपंचायतीला स्वतःची गाडी, यंत्र, माणसं परवडत नाहीत. मग कचरा जातो ओढ्याकाठी, खाडीत, नाहीतर पेटवला जातो. म्हणून शहर आणि गावांनी हे काम मिळून करायला हवं.

मिळून म्हणजे कसं?

आधी कसं नसावं ते बघू. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. ओला-सुका सगळा एकत्र. तो कुजून काळं पाणी जमिनीत मुरलं, विहिरी खराब झाल्या. गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. शहर स्वच्छ आणि गाव घाण, ही काही भागीदारी नव्हे.

आता आपल्यासारखंच किनाऱ्यावरचं लहान शहर बघा, सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला. तिथल्या नगरपरिषदेनं घरातूनच कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात केली. ओल्याचा गॅस, सुक्याची विक्री. कचरा डेपोची जागा लोक आता बघायला जातात. फरक कशानं पडला? कचरा घरातच वेगळा झाला म्हणून.

आपल्याकडे सोपी वाटणी अशी होऊ शकते. ओला कचरा गावातच जिरवायचा. सुका कचरा गावात गोळा करून शहराच्या किंवा तालुक्याच्या केंद्रात पोचवायचा. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२० पासून, तालुक्याला एक प्लास्टिक कचरा केंद्र धरलेलं होतं आणि त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. जवळ शहराचं केंद्र असेल तर त्याला जोडून घ्यायचीही मुभा होती.

घरात काय करायचं?

ओला : भाजीची देठं, उरलेलं अन्न, मासळीची घाण. परसात खड्डा करून माती आणि पाला यांचे थर द्या. मासळीवर माती जाड टाका, म्हणजे वास येत नाही, कुत्री उकरत नाहीत. झावळ्या जाळू नका. हीर काढले तर खराटे होतात, करवंटी आणि सोडणही विकली जाते.

सुका : प्लास्टिक, कागद, पत्रा, काच. दुधाची पिशवी विसळून वाळवा. चिकट, घाण प्लास्टिक कोणी घेत नाही.

धोक्याचा : सेल, बल्ब, जुनी औषधं, फवारणीच्या बाटल्या वेगळ्या ठेवा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करा. ही रीत पुण्यातल्या कचरावेचक बायांनी सुरू केली. कचरा हातानं निवडणारीही आपल्यासारखीच बाई असते.

कारखान्याचा कचरा

हा घरच्या कचऱ्यात मिसळायचा नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीजवळून वाहणारी कुंडलिका पुढे रेवदंड्याच्या खाडीला मिळते आणि त्या खाडीच्या या बाजूला आपलं कोर्लई आहे. म्हणजे वर जे सोडलं जाईल, ते आपल्या मासळीपर्यंत पोचू शकतं. खाडीच्या पाण्याचा रंग बदलला, मासे मेलेले दिसले, तर तारीख, वेळ लिहा, फोटो काढा आणि ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा.

आणखी एक. भंगारात स्वस्त मिळणारी निळी पिंपं आपण पाण्याला वापरतो. रसायन लागलेलं रिकामं पिंप हा कायद्यानं घातक कचरा आहे. आत आधी काय होतं ते माहीत नसेल, तर त्यात प्यायचं पाणी भरू नका, मीठ-मासळीही नको.

काम आपलं, मग मोबदला?

इथं नीट लक्ष द्या. स्वच्छता मोहीम निघाली की पहिला निरोप गटाच्या बायांना येतो. हातमोजे नाहीत, मजुरी नाही, फोटो मात्र निघतो. एक दिवसाचं श्रमदान आपण आनंदानं करू. पण रोजचं काम हे काम आहे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं २००८ साली महापालिकेशी लेखी करार केला. घरोघरचं शुल्क हे त्यांचं उत्पन्न झालं.

पैसा अगदीच नाही असं नाही. वरच्याच योजनेत ५००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत तरतूद धरली होती. २००० वस्तीच्या गावाला हे १ लाख २० हजार होतात. पण ही रक्कम शेड, गाडी अशा उभारणीसाठी. रोजच्या मजुरीची सोय घरपट्टीबरोबरच्या शुल्कातून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून वेगळी करावी लागेल. ती झाल्याशिवाय काम अंगावर घेऊ नका.

पुढच्या बैठकीत हे करा

१. आपल्या गावाला कचऱ्यासाठी किती निधी आला, किती खर्च झाला, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी विचारा.
२. ग्रामसंघाचा ठराव करून ग्रामसभेत मांडा : सुका कचरा नेण्यासाठी नगरपरिषद किंवा पंचायत समितीशी करार करावा.
३. करारात पाच गोष्टी हव्यात : गाडी कोणत्या वारी येणार, वाहतुकीचा खर्च कोणाचा, गटाला महिन्याला किती, हातमोजे-बूट कोण देणार आणि भंगार विक्रीचा पैसा कोणाचा.
४. ठरावाची एक प्रत प्रभागसंघाकडे द्या. एका गावासाठी गाडी येणार नाही, पण रस्त्यावरच्या पाच-सहा गावांनी मिळून मागितली तर नाही म्हणणं अवघड जाईल.

बचत गटात दहा जणींचे थोडे थोडे पैसे एकत्र आले, तेव्हाच बँकेनं आपल्याला दारात उभं केलं. गावांचंही तसंच आहे, बायांनो.