शीतकात अडकलेली हवा

तांब्या उपडा धरून बादलीतील पाण्यात दाबला, तर पाणी त्यात पुरते शिरत नाही. आतील हवेस वर वाट नसते. तांब्या किंचित कलता केला की ती बुडबुडत निघून जाते. जहाजाच्या यंत्रघरात हीच अडचण उद्भवते. मात्र तेथील शीतक कोणास हाताने कलता करता येत नाही.

मोठ्या डीझेल इंजिनाभोवती खेळविलेले गोडे पाणी तापते. ते निवविण्याचे काम शीतकाचे. ह्या नळकांड्यात शेकडो बारीक नळ्या असतात. त्यांच्या आतून समुद्राचे पाणी वाहते, बाहेरून गोडे. दोहोंची भेट होत नाही, उष्णता तेवढी पलीकडे जाते.

समुद्राचे पाणी आत घेण्याची दारे दोन असतात: एक तळाशी, दुसरे कुशीवर काहीसे उंच. मुंबई बंदराचे पाणी गढूळ असते. गाळ येऊ नये म्हणून तेथे वरचे दार वापरणे इष्ट. परंतु तेच जहाज पावसाळ्यात बाहेर पडले की लाटांवर डोलू लागते. माल नसेल तर ते पाण्याबाहेर अधिकच उचललेले असते. मग वरचे दार फेसाजवळ येते आणि पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो. म्हणून बंदर सोडताना खालचे दार उघडून वरचे मिटतात. ही अदलाबदल राहून गेली, तर किनारा जवळ असतानाच इंजिन तापून थांबवावे लागण्याचा प्रसंग येतो.

पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेते. माथ्याशी हवा साठली की तेथील नळ्या असून नसल्यासारख्या होतात. त्यात तापमापीचे टोक हवेत राहिले, तर तिचा आकडाही विश्वासार्ह राहत नाही! शिवाय वेगाने आदळणारे बुडबुडे नळ्यांच्या तोंडाशी धातू झिजवितात. तांबे ७६, जस्त २२ व ॲल्युमिनियम २ टक्के अशा पितळेच्या नळ्या प्रचारात आल्या, त्या ह्या झिजेस तोंड देतात म्हणूनच.

उपाय साधे आहेत. पाणी घेण्याच्या कप्प्यातून हवेसाठी एक नळी जलरेषेच्या वर नेलेली असते. शीतकात पाणी खालून घेऊन वरून सोडतात. प्रवाह कमी करणे झाल्यास बाहेर जाण्याच्या वाटेवरील झडप आवळतात, म्हणजे शीतक भरलेला राहतो. माथ्यावरील तोटी उघडली की प्रथम फुसकारा येतो, मग पिचकाऱ्या उडतात, शेवटी अखंड धार लागते. धार लागताच तोटी मिटण्याची घाई मात्र करू नये. जहाज एकदोनदा डोलले की दडलेली हवा पुन्हा वर येते. शीतक लांबीस लांब बसविलेला असून जहाज मागील बाजूस अधिक बुडालेले असेल, तर त्याचे पुढील टोक उंच होते. म्हणून दोन्ही टोकांस तोटी असणे बरे.