कोठी : हैदराबादेतील भाषांचा आसरा

हैदराबादला गेलेला गोमंतकीय पर्यटक साधारणपणे चारमिनार पाहतो, गोवळकोंडा चढतो, सालारजंग संग्रहालयातील घड्याळाचे टोल ऐकायला गर्दीत उभा राहतो आणि मोत्यांची खरेदी आटोपून परतीच्या वाटेला लागतो. या धावपळीत कोठीच्या चौकातून त्याची रिक्षा एकदा तरी जाते. कर्णे वाजत असतात, पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग असतात, डोक्यावरून मेट्रो धावत असते. उतरून पाहावे असे येथे काही असेल, याची शंकाही त्याला येत नाही. वास्तविक चारमिनारपासून जेमतेम तीन किलोमीटरवरील या वस्तीत मराठी माणसाला जेवढे स्वतःचे सापडेल, तेवढे हैदराबादच्या अन्य कोणत्याही भागात सापडणार नाही. अट एकच : ती पायी आणि सावकाश पाहिली पाहिजे.

‘सावकाश पर्यटन’ हा शब्दप्रयोग अलीकडे रूढ झाला आहे. त्याचे नेहमीचे उदाहरण पेरू देशातील इंकांच्या जुन्या गावांचे दिले जाते. माचूपिच्चूला निघालेले प्रवासी ओलांतायताम्बो या गावी आगगाडी पकडण्यापुरते उतरतात. पण इंकांनी आखलेल्या त्या गावाच्या गल्ल्यांत आजही माणसे राहतात, दगडी पाटांतून पाणी वाहते आणि घराघरांत केचुआ बोलली जाते. कुस्को शहरात सूर्यमंदिराच्या इंकाकालीन भिंतींवर स्पॅनिश धर्मगुरूंनी आपला मठ उभारला. 1950 च्या भूकंपात वरच्या बांधकामाची मोठी हानी झाली, खालच्या भिंती मात्र टिकल्या. तेथे एका राजवटीच्या घरावर दुसरीचे घर उभे राहिले आणि खालच्यांची भाषाही सुरू राहिली. माचूपिच्चूला आता कोणी राहत नाही. ओलांतायताम्बोत लोक राहतात. कोठी ही ओलांतायताम्बोच्या जातीची जागा आहे.

नावापासूनच सुरुवात करावी लागेल. पाट्यांवर ‘कोटी’ असे लिहिलेले दिसते आणि तेलुगूत कोटी म्हणजे शंभर लाख. पण या नावाचा आकड्याशी संबंध नाही. ही ‘कोठी’ म्हणजे हवेली, आणि हवेली ब्रिटिश रेसिडेंटची. ईस्ट इंडिया कंपनीचा निजामाच्या दरबारातील वकील जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, 1803 च्या सुमारास, मुसा नदीच्या उत्तर तीरावर ही वास्तू बांधायला घेतली. आराखडा मद्रासच्या लष्करी अभियंत्यांपैकी सॅम्युएल रसेल याचा. पुढे उंच स्तंभांची रांग, रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दगडी सिंह, असा तो थाट आहे. कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या उमराव घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी मुस्लिम पद्धतीने विवाह केला होता. पडद्यात राहणाऱ्या बेगमेला समोरून इमारत पाहता येत नसे, म्हणून तिच्यासाठी जनानखान्याच्या बागेत इमारतीची छोटी प्रतिकृती उभारली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, प्रतिकृती आहे. कर्कपॅट्रिक 1805 मध्ये कलकत्त्यात वारला.

या हवेलीवर 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी व शहरवासीयांनी हल्ला चढवला. तो फसला. तुर्रेबाज खान पुढे मारला गेला, मौलवींना अंदमानला धाडण्यात आले. कोठीच्या बसथांब्याजवळ त्यांचा स्मृतिस्तंभ आहे; रोज हजारो माणसे त्याच्या शेजारी उभी राहून बसची वाट पाहतात.

हवेलीची ही कथा इंग्रजी पुस्तकांतून पुष्कळ सांगितली गेली आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट हवेलीच्या कुंपणाबाहेर घडली. रेसिडेन्सीभोवती व्यापारी, सावकार आणि कारकुनांची जी पेठ वसली, तिला ‘रेसिडेन्सी बाजार’ म्हणत. ही पेठ निजामाच्या राजधानीत असूनही तेथील कारभार मात्र रेसिडेंटच्या अखत्यारीत होता. चार पावले इकडे निजामाचे फर्मान, चार पावले तिकडे इंग्रजांचे नियम. संस्थानात सभा, संस्था आणि वर्तमानपत्रे यांवर करडी नजर असे. शिक्षण आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, तर बहुसंख्य प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी आणि कन्नड. अशा वेळी ज्यांना आपल्या भाषेत काही उभे करायचे होते, त्यांना या पेठेचा आडोसा सोयीचा वाटला. इंग्रज उदार होते म्हणून हे घडले असे मानण्याचे कारण नाही. दोन सत्तांच्या मधल्या फटीचा लोकांनी उपयोग करून घेतला, एवढेच. पोर्तुगीज सेन्सॉरला चुकवण्यासाठी मुंबई-बेळगावच्या छापखान्यांकडे धाव घेणाऱ्या गोमंतकीयांना ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे 1892 मध्ये आर्य समाज स्थापन झाला. 1 सप्टेंबर 1901 रोजी ‘श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम्’ हे तेलुगू ग्रंथालय सुरू झाले. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात मराठी मंडळींनी ‘विवेकवर्धिनी’ ही शाळा काढली. तिच्यामागे केशवराव कोरटकर होते. मराठवाड्यातून आलेले हे वकील पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांच्याच प्रेरणेने 1920 मध्ये ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक निघाले. शाळेच्या उभारणीत आणखी एक नाव येते, आणि ते गोव्याच्या वाचकाला जवळचे वाटेल : पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. सावंतवाडीजवळच्या कोलगावचा हा चित्रकार शतकाच्या आरंभी व्यवसायासाठी हैदराबादेत आला, वेदाभ्यासात आणि सार्वजनिक कामात गुंतला आणि सरकारी रोषामुळे त्याला शहर सोडावे लागले. वेदांचे भाष्यकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्या ओळखीची पायाभरणी या शहरात झाली, हे सहसा कोणी सांगत नाही.

विवेकवर्धिनी कोठीलगतच्या जामबागेत आजही आहे. तिच्या फाटकाशी आल्यावर मात्र केवळ अभिमानाने पुढे जाता येत नाही, कारण या संस्थेच्या आवारातील एका सभेने तेलंगणाच्या इतिहासाला वळण दिले आहे, आणि त्या सभेतील मराठी श्रोत्यांची भूमिका काही भूषणावह नव्हती.

नोव्हेंबर 1921 मध्ये विवेकवर्धिनीत निजाम संस्थानाची समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. विधवांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या या पुरुषाला ऐकायला सुधारणावादी मंडळी मोठ्या संख्येने जमली होती. भाषणे इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. मग आलमपल्ली वेंकटरामाराव हे वकील एका ठरावावर तेलुगूत बोलायला उठले. श्रोत्यांत मराठी मंडळींचा भरणा होता. त्यांनी टाळ्या पिटून, हुर्यो करून वक्त्याला खाली बसायला लावले. संस्थानात सर्वाधिक लोक बोलत असलेली भाषा तिच्याच राजधानीत सभेत बोलण्याजोगी मानली गेली नाही, आणि ती तशी न मानणारे हे दरबारी उमराव नव्हते. उर्दूच्या वर्चस्वाखाली आपल्या भाषेची गळचेपी होते अशी ज्यांची रास्त तक्रार होती, तेच हे लोक होते.

अपमानित तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र जमली आणि ‘आंध्र जन संघम्’ची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव यांच्यासारखे तरुण त्यात होते. संघाने गावोगावी वाचनालये काढली, जुने शिलालेख व पोथ्या गोळा केल्या. 1930 मध्ये जोगीपेठेत सुरवरम् प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली पहिली आंध्र महासभा भरली, आणि याच महासभेतून पुढे तेलंगणाचा शेतकरी लढा उभा राहिला. तेलंगणात ही घटना शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हैदराबादच्या मराठी संस्थांविषयी जे कौतुकाचे लेख आपल्याकडे अधूनमधून येतात, त्यांत ती क्वचितच आढळते.

अर्थात या दोन भाषांमध्ये केवळ दुरावाच होता असे समजणे चुकीचे ठरेल. तेलुगू ग्रंथालयाच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव हे नागपुरात शिकलेले, मराठीत लेखन करणारे विद्वान होते. त्यांनी तेलुगूत शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. मराठीत ग्रंथालये आणि संशोधन मंडळे जे काम करतात ते आपल्या भाषेतही व्हावे, ही ओढ त्यांना त्या सहवासातून लागली. बुर्गुल रामकृष्णराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. 1952 मध्ये ते हैदराबाद राज्याचे निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री झाले. तेलुगू ग्रंथालय आणि मराठी शाळा यांमधले अंतर पायी काही मिनिटांचे आहे. हे अंतर चालून पाहिले म्हणजे ही माणसे एकमेकांच्या किती जवळ वावरत होती ते ध्यानात येते, आणि 1921 चा तो प्रसंग अधिकच बोचतो.

रेसिडेन्सी बाजार 1933 मध्ये निजामाकडे परत गेला आणि ‘सुलतान बाजार’ झाला. त्यापूर्वी दोनच वर्षे, 1931 मध्ये, ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले होते. मराठवाड्याचे पाच जिल्हे या संस्थानात होते. औरंगाबाद, परभणी, नांदेडच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी, वकिलीसाठी, नोकरीसाठी येथेच यावे लागे. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला. मराठीच्या दृष्टीने ही जोडणी इष्टच होती. पण कोठीतील मराठी माणूस मात्र एका रात्रीत राजधानीच्या एका प्रमुख भाषिक समाजाचा घटक राहिला नाही. तो परराज्यातील अल्पसंख्य झाला. मराठवाड्यातून येणारा विद्यार्थ्यांचा ओघ पुणे, मुंबई, औरंगाबादकडे वळला. वसतिगृहे, वाचनालये, नाट्यगृहे ज्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जगत होती, ती वर्दळच ओसरली.

तरीही संस्था टिकून आहेत. कोठीच्या इसामिया बाजारात मराठी साहित्य परिषद आहे. तिच्या ‘पंचधारा’ या नियतकालिकाने मराठी आणि दक्षिणेतील भाषा यांच्यात अनुवादाचा पूल बांधण्याचे काम दीर्घकाळ केले. मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. गणेशोत्सव आहे, आणि तो आता शहराचाच झाला आहे. चिंता आहे ती पुढच्या वाचकाची. इंग्रजी शाळेत शिकलेली, मित्रांशी तेलुगू व हिंदीत बोलणारी तिसरी-चौथी पिढी घरात मराठी बोलते. पण बोलणे आणि वाचणे यांत अंतर पडले की ग्रंथालयाची कपाटे बंद राहू लागतात. ज्या भाषेचे शिक्षण शाळेत नाही तिचे असेच होते. गोव्यात मराठी शाळांच्या पटसंख्येची चर्चा करणाऱ्यांनी एकदा हे कपाट उघडून पाहावे.

मराठीचा आणखी एक ठेवा येथे आहे. त्याला संस्था नाही, इमारत नाही आणि अनुदानही लागत नाही. सुलतान बाजारात कपडे घेताना कान उघडे ठेवावेत. बुरख्यातील गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणते, ‘नक्को’. हे मराठीतले ‘नको’. दखनीत ‘अभीच आती’, ‘मैंच बोली’ असे जे जोर देणारे ‘च’ लागते, तेही मराठीतलेच. उत्तरेकडचा उर्दूभाषक याच शब्दांवरून हैदराबादी माणसाला ओळखतो आणि हसतो. हैदराबादी माणूस मात्र ते अभिमानाने मिरवतो. कित्येक शतकांच्या शेजारातून आलेले हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत, त्यांपैकी बहुतेकांना ते मराठी असल्याची कल्पनाही नाही.

बाजारही बदलतो आहे. मेट्रोचा मार्ग या अरुंद पेठेतून जाणार हे ठरल्यावर व्यापाऱ्यांनी अनेक वर्षे विरोध केला. मार्ग बदलावा, जुनी पेठ मोडू नये, अशी त्यांची मागणी होती. अखेर मार्ग तेथूनच गेला आणि 7 फेब्रुवारी 2020 रोजी त्यावरून गाडी सुरू झाली. 25 ऑगस्ट 2007 रोजी येथल्या ‘गोकुळ चाट’मध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात अनेकांचे प्राण गेले, दुकान पुन्हा सुरू झाले आणि संध्याकाळी तेथे आजही गर्दी असते.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. उस्मानिया मेडिकल कॉलेज हे मेट्रो स्थानक सर्वांत सोयीचे. सकाळी लवकर निघावे. दुकाने उघडण्याआधी पेठेतील जुन्या घरांचे सज्जे व लाकूडकाम नीट दिसते, नंतर ते फलकांमागे आणि लटकवलेल्या कपड्यांमागे दडते. रेसिडेन्सीच्या आवारात 1949 पासून मुलींचे महाविद्यालय होते, आता महिला विद्यापीठ आहे आणि त्याला तेलंगणाच्या लढ्यातील चाकली ऐलम्मांचे नाव देण्यात आले आहे. मोडकळीस आलेल्या मुख्य वास्तूचे जतनकाम वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या साहाय्याने झाले. वर्ग चालू असतात, त्यामुळे आत जाण्याच्या परवानगीची चौकशी आधीच करून ठेवावी. तेथून सुलतान बाजार, तेलुगू ग्रंथालय, इसामिया बाजार आणि जामबाग असा फेरा पायी अर्ध्या दिवसाचा होतो. साहित्य परिषदेत वा ग्रंथसंग्रहालयात जायचे असल्यास वेळ विचारून जावे आणि जाताना गोव्यातले एखादे नवे मराठी पुस्तक सोबत न्यावे. परतताना पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांपाशी थांबावे. वैद्यकीय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांखाली उर्दू, तेलुगू, कधी मराठीही सापडते. भाव सांगितला की घासाघीस करावी, आणि जमलेच नाही तर विक्रेत्याला ‘नको’ म्हटलेले व्यवस्थित कळते.