नव्या हातांना किक मारू द्या

जुनी मोटारसायकल ही काचेच्या कपाटात ठेवून पाहायची वस्तू नव्हे. ती चालवावी लागते. चालवणारा पुढचा माणूस मिळाला नाही, तर ती गॅरेजच्या कोपऱ्यात गंजून जाते. इंग्लंडातील या छंदाची आजची खरी चिंता हीच आहे. मेळाव्याला जावे, तर गाड्या चकचकीत आणि मालकांचे केस पांढरे! आपल्यापैकीही काहींचा हात तिकडे पुण्या-कोल्हापुरात वडिलांच्या बुलेटवर किंवा येझदीवर बसला आणि इकडे आल्यावर त्यांनी बीएसए, ट्रायम्फ हौसेने सांभाळल्या. त्या पुढे कोण सांभाळणार?

तरुणांना गोडीच नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. प्रश्न आपण दार किती उघडतो, याचा आहे.

व्हिंटेज मोटर सायकल क्लबचेच पाहा. टिच ॲलन यांच्या पुढाकाराने १९४६ साली सरे परगण्यातील हॉग्ज बॅक येथे तो स्थापन झाला, तेव्हा १९३१ पूर्वीच्याच गाड्यांना त्यात स्थान होते. म्हणजे त्यांतील सर्वांत नवी गाडी जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची होती! आज त्याच क्लबात पंचवीस वर्षे पुरी झालेली गाडी चालते. मग एखादी मुलगी १९९८ सालची होंडा घेऊन आली, तर नाक मुरडण्याचे कारण काय? तिची गाडी संस्थापकांच्या त्या वेळच्या काही गाड्यांपेक्षा वयाने मोठीच आहे.

दुसरी अडचण परवान्याची. सतराव्या वर्षी शिकाऊ परवाना काढून आणि सीबीटी हे प्राथमिक प्रशिक्षण पुरे करून, 'एल'ची पाटी लावून १२५ सीसीपर्यंतची लहान गाडी चालवता येते. तेव्हा पोराला एकदम ६५० सीसीच्या ट्रायम्फची स्वप्ने दाखवू नयेत. १९४८ साली आलेली बीएसए बँटम १२५ सीसीच्या वर्गातलीच आहे. तिचे दोन-स्ट्रोक इंजिन साधे, उघडून पाहायला सोपे. पुढे एकोणिसाव्या वर्षी ए-टू परवाना मिळाला की ३५० सीसीची बुलेटही चालते. ही बुलेट मूळची रेडिचची, १९५५ पासून मद्रासची झाली आणि १९७७ साली तिकडून पुन्हा विलायतेत विकायला आली. आपल्या मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट कोणती?

खर्चाचाही विचार हवा. चाळीस वर्षे झालेल्या गाडीची ऐतिहासिक म्हणून नोंद केली की रस्ताकर माफ होतो, आणि रचनेत मोठा बदल केलेला नसेल, तर एमओटी तपासणीतूनही सूट मिळते. अर्थात ब्रेक आणि टायर तपासण्याची जबाबदारी मालकावरून सुटत नाही.

सर्वांत मोलाचे ते मात्र हातातून हातात द्यावे लागते. जुन्या ब्रिटिश गाड्यांचा गिअर बहुधा उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. त्यांच्या व्हिटवर्थ नटांना मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही. सप्टेंबर २०२१ पासून इथले साधे पेट्रोल ई-१० झाले आहे. त्यातील इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खराब करते, म्हणून ई-५ घालावे. ही माहिती पुस्तकात मिळेलही. पण किक उलटी बसू नये म्हणून इग्निशन किती मागे घ्यायचे, हे शेजारी उभे राहून कोणी दाखवले तरच कळते. असे जाणकार दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून वाचकहो, आमची एकच विनंती. गॅरेजात जुनी गाडी असेल, तर येत्या रविवारी घरातल्या किंवा शेजारच्या तरुणाला बोलवा. "हात लावू नकोस" म्हणू नका, पाना त्याच्या हाती द्या. प्लग त्यालाच काढू द्या, साफ करू द्या आणि किकही त्यालाच मारू द्या. पहिल्या दहा किका वाया गेल्या तरी चालतील. अकराव्या किकेला इंजिन बोलले, की पुढचे सांगावे लागणार नाही.