अर्नाळ्याची डोल

अर्नाळ्याचं नाव निघालं की किल्ला आठवतो आणि १७३७ साली मराठ्यांनी तो घेतला, इथे बोलणं संपतं. वैतरणेच्या मुखावरच्या या गावाचा खरा पराक्रम मात्र पाण्याखाली आहे: डोल नावाचं जाळं. डोल माशामागे धावत नाही. समुद्रतळाशी खुंट रोवून त्यांना हे नरसाळ्यासारखं जाळं बांधायचं, तोंड प्रवाहाकडे करायचं आणि थांबायचं. तोंडाशी मोठी असलेली आस, म्हणजे जाळ्याची भोकं, खोल्याकडे, म्हणजे शेपटाकडे, बारीक होत जाते. भरती-ओहोटीची ओढ बोंबील, करंदी, जवळा आत लोटते आणि त्याच ओढीमुळे त्यांना परत फिरता येत नाही. ओढ मंदावली की जाळं उचलायचं, कारण पाणी उलटलं तर मासळी निसटते. सुताच्या जागी नायलॉन आलं, होडीला इंजिन बसलं, पण वेळापत्रक चंद्राचंच राहिलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात डोल भरते, अष्टमीच्या भांगाला, मंद भरतीत, रिकामी लोंबते. मासेमारीवरची ही मर्यादा कायद्याने घातलेली नाही, जाळ्याच्या रचनेतच आहे, आणि म्हणूनच मला डोल ट्रॉलरपेक्षा शहाणी वाटते.

यावर आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. खोल्याच्या बारीक आशीत पापलेटची, घोळीची पिल्लंही अडकतात. आस मोठी करा, हा सल्ला योग्यच. पण जवळा पूर्ण वाढला तरी बोटाच्या पेराएवढाच असतो, मोठ्या आशीतून तो सगळा निघून जाईल. तेव्हा सरसकट एकच माप लादण्यापेक्षा हंगाम आणि जागा पाहून आस ठरवणं न्याय्य होईल. जून-जुलैची बंदी कोळी पाळतात, त्यांना हेही समजावता येईल.

डोलीचं दुखणं आशीपेक्षा मोठं आहे. जागेवरून न हलणाऱ्या जाळ्याला पाण्यातून येईल ते घ्यावं लागतं. मुंबईची तहान भागवायला तानसा १८९२ मध्ये अडवली, वैतरणेवर मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा ही धरणं झाली. पावसाळा सोडला तर मुखाशी गोडं पाणी कमीच पोचतं. उलट शहरांचं प्लॅस्टिक मात्र बारा महिने येतं आणि मासळीआधी खोल्यात शिरतं, ते निवडण्यात बायकांचे तास जातात. उत्तरेला वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. असे प्रकल्प आले की भरपाईसाठी होड्या आणि जाळी मोजली जातात. पण डोलीची खरी मालमत्ता म्हणजे खुंटाची जागा. ती पिढ्यान्‌पिढ्या घराण्याकडे चालत येते, गाव ती मानतं, आणि तिचा सातबारा कुठेच नाही. किनाऱ्याचे नकाशे आखताना या जागांची नोंद आधी व्हायला हवी, प्रवाह वळवल्यानंतर ती करून उपयोग नाही.